फोनमधला सोमवार

कामिनीने कॉम्प्युटर सेंटरच्या टेबलावर मोबाइल आपटला, इतक्या जोरात की नवनीतचा चहा बशीत सांडला.

"वाचा, सर. मोठ्याने वाचा."

नवनीतने पाहिलं. धर्मादाय दवाखान्याची साइट होती, त्यानेच बनवलेली. 'सोनोग्राफीचे डॉक्टर : सोमवार, मंगळवार.'

"आज कोणता वार?"

"सोमवार."

"मग डॉक्टर कुठे आहेत?"

"ताई, या महिन्यापासून गुरुवार-शुक्रवार झालंय. मी बदललंय ना साइटवर." त्याने आपला लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हे पाहा. मन्हाकडे तं बरोबर दिखी ऱ्हायनं."

"तुमच्याकडे दिसतंय. गजराबाई तुमच्याकडे बाळंत होणार आहे का?"

गजराबाई कोण हे नवनीतने विचारलं नाही, तरी कामिनीने सांगितलं. कामिनी पाड्यांवरची आशा कार्यकर्ती होती, पोटुशा बायांची काळजी तिच्याकडे; गजराबाई त्यांतलीच एक. आज पहाटे गजराबाईला बांबूच्या झोळीत घालून चौघांनी डोंगर उतरवला होता. पुढे जीपने इथे, धडगावला. आता ती दवाखान्याच्या ओट्यावर आडवी होती, पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, आणि तपासायला डॉक्टर नव्हते. नर्सने नंदुरबारला न्यायला सांगून अँब्युलन्स बोलावली होती.

"पान रिफ्रेश केलं असतं, तर..."

"केलं! काल टेकडीवर चढून केलं. रेंज होती. गोल गोल फिरलं आणि पुन्हा सोमवारच आला."

आता मात्र नवनीतला कळलं. खरं तर त्याला आधीच कळायला हवं होतं. पाड्यांवर नेटवर्क नाही, म्हणून त्याने साइट अशी केली होती की एकदा उघडली की फोनमध्येच साठून राहावी आणि रेंजशिवायही उघडावी. त्याबद्दल त्याला शाल आणि नारळ मिळाला होता, फोटो भिंतीवर होता. पण साठवलेली फाइल बदलली की तिच्या नावापुढचा आकडा बदलावा लागतो. नाहीतर फोन नाव ओळखतो आणि जवळची जुनीच प्रत काढून दाखवतो. नवनीतने वार बदलले, आकडा तसाच ठेवला. विसरला नव्हता. कंटाळा केला होता, आणि जुनी प्रत साठलेली नसलेल्या आपल्या लॅपटॉपवर एकदा पाहून हात झटकले होते.

त्याने खाली मान घालून फाइलच्या नावापुढे एकाचा दोन केला. कामिनीच्या मोबाइलवर बोट ओढलं. सोमवार गेला, गुरुवार आला.

"झालं?" कामिनीने विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

तिच्या आवाजाने बाजूच्या टेबलावर आधारची प्रिंट काढणारा माणूसही थबकला. नवनीत घाईघाईने म्हणाला, "आता सगळ्यांना नवीनच दिसेल, ताई. रेंज आली की लगेच."

"सगळ्यांना? उद्या तापीबाई निघतेय. तिच्या पाड्यावर एकच फोन, दिवाल्या म्हणून एकाचा. तो बाजाराच्या दिवशी खाली आला तरच त्याला रेंज. त्याच्या फोनमध्ये आज काय आहे, सांगा."

"सोमवार, मंगळवार."

"मागच्या खेपेला झोळीतच मूल गेलं तिचं. डॉक्टर म्हणाले, आता फार हलवू नका, तपासायला एकदाच खाली आणा. मीच तिला सांगून आले, मंगळवारी ये. तुमचं पान दाखवून सांगितलं."

"जीपवाल्यांकडे निरोप..."

"पूर्वी तेच होतं! वार बदलला की दवाखाना जीपवाल्यांना सांगायचा, जीपवाले उतरणाऱ्याला सांगायचे, पाड्यावर निरोप पोचायचा. तुमची साइट आली आणि दवाखान्याने ते बंद केलं. म्हणे, साइटवर टाकलंय. आज त्या पाड्याचं माणूसही नाही जीपमध्ये, मी विचारून आले. जीप रस्ता संपतो तिथवर जाते. पुढे कोण चढणार?"

"तुम्ही..."

"मी गजराबाईबरोबर नंदुरबारला चाललेय. तिला वाटेत झटके आले तर एकटी सोडू?"

बाहेर अँब्युलन्सचा भोंगा वाजला. कामिनीने मोबाइल उचलला, दोन पावलं गेली आणि पुन्हा वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज तसाच धारदार होता.

"तापीबाईची झोळी पहाटे निघते. त्याआधी निरोप पोचायला हवा. उठा."

"मी? मन्हं सेंटर उघडं शे, ताई. आणि मला वाट ठाऊक नाही."

"उतरल्यावर ओढ्याच्या कडेने वर. जिथे दम संपेल तिथे विचारा, पाडा अजून पुढे आहे."

ती गेलीसुद्धा.

नवनीतने लॅपटॉप मिटला, शटर अर्धं ओढलं, पुन्हा थांबला, आणि पूर्ण ओढलं. स्टँडवर दिलवरसिंगची जीप भरून उभी होती. आत जागा नव्हती. तो मागच्या फळीवर उभा राहिला, मिठाच्या गोणीला पाय लावून.

पहिल्याच वळणावर रेंज गेली. त्याने एका हाताने गज धरला आणि दुसऱ्याने साइट उघडून पाहिली. नेटशिवाय लगेच उघडली. गुरुवार, शुक्रवार. अगदी बरोबर.

रस्ता संपला तिथे तो उतरला. फोन अजून हातातच होता. दिलवरसिंगने ओढ्याकडे बोट दाखवलं, त्याच्या बुटांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तो खिशात टाका, भाऊ. वर चढायला दोन्ही हात लागतात."