तळाला चिकटून

आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. बाबा जहाजावर इंजिन सांभाळायचे, म्हणून ती मावशीकडे वाढली. आता बाबा थकून तिच्याकडे राहायला आले होते, पण दोघांत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं.

त्या दिवशी संशोधनासाठी परके समुद्री जीव शोधत बंदरात जहाजांचे तळ खरवडून ती घरी आली, तेव्हा तिच्यात त्राण उरलं नव्हतं. तिच्या बरणीतला काडीसारख्या पायांचा समुद्री कोळी बघून बाबांनी विचारलं, "हा कुठला?"

"आपल्याकडचा नाही. जहाजांना चिकटून आलाय. यंदा तिसऱ्या बंदरात सापडला."

"आणि अंगाखाली हे दाणे कसले?"

"अंडी. मादी अंडी देऊन निघून जाते. पिल्लं बाहेर येईपर्यंत बापच ती वागवतो. एवढा लांबचा प्रवाससुद्धा त्यांना घेऊनच केला असेल त्याने."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून जरा कडूच निघालं. बाबांनी बरणी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि अलगद टेबलावर ठेवली.



"मी कप्तानाला दोनदा विचारलं होतं गं, तुला सोबत आणू का म्हणून."