ओढ्याकाठची झोप

बायको गेल्यापासून प्लंबरच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून मुलीने त्याला बळेच चार दिवस रानात नेलं आणि ओढ्याकाठी तंबू ठोकला. पण ओढ्याची खळखळ ऐकून त्याचं डोकंच उठलं.

"या ओढ्याचा मेन कॉक कुठे आहे ते सांग, बंद करून येतो," तो करवादला.

"बाबा, लोक हाच आवाज ऐकायला इतक्या लांब येतात."

"येत असतील. त्यांनी चाळीस वर्षं गळके नळ दुरुस्त केले नाहीत. पाणी असं वाहत असलं की मला पडवत नाही."

दोन दिवस तो असाच धुसफुसत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला तंबूत जराशी डुलकी लागली आणि घरी बायकोवर खेकसायचा तसा तो झोपेतच खेकसला, "अगं, तो नळ बंद कर ना. कधीचं पाणी वाहतंय."

बाहेर ओढ्यात भांडी विसळणाऱ्या मुलीचे हात थांबले.

"केला हो बंद," ती आईच्या सुरात म्हणाली. "झोपा आता."