कोण कोण धरून आहे

उद्यापासून पुन्हा ऑफिस होतं, आणि माझ्या तान्ह्या लेकीच्या, मैत्रीच्या पाळण्यावरून माझा हात निघत नव्हता. दुसऱ्या हाताने मी बाळंतपणाच्या सुट्टीत लिहिलेल्या कमांड लॅपटॉपवर तपासत होते.

“काय करत्यात गं ह्या?” साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं.

“आमच्या प्रोग्रॅमची भाषा वाचून काम करणारा एक इंटरप्रिटर असतो, आई. त्याला मध्येच थांबवायचं आणि आत डोकावायचं. आतल्या एखाद्या वस्तूला कोण कोण धरून आहे, ते ही कमांड सांगते.”

“आन् कुनीच धरलं नसंल तर?”

“तर तो ती टाकून देतो. एकाने जरी धरली असेल, तरी सांभाळतो.”

“एकानं बी भागतंय?”

“भागतं.”

त्यांनी मैत्रीला उचलून खांद्यावर घेतलं. “उठली का माझी वाघीण?” म्हणत सासरे आतून आले. समोरच्या फ्लॅटमधली उज्वला नेहमीसारखी दार न वाजवताच डोकावली.

“मग हिच्यावर चालीव की तुझी कमांड,” सासूबाई म्हणाल्या. “तू जा बिनघोर. सांच्याला येऊन परत धर.”