येळवशीची भज्जी

“आला का गं वास?” पातेल्यात मीठ टाकून मुक्ताबाईंनी विचारलं.

“आला,” वनमाला म्हणाली. खरं तर तिला कसलाच वास आला नव्हता. दोन दिवसांपासून नाक गच्च चोंदलं होतं, डोकं जड झालं होतं. पण ऐन येळवशीच्या सकाळी सर्दीचं नाव काढलं असतं, तर सासूनं तिला चुलीपासून उठवलं असतं आणि काढा पाजून दिवसभर तोंड वाजवलं असतं. आज तिला ते नको होतं. आज शेतात गेल्यावर सासूला एक गोष्ट सांगायची होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी धर्मापुरीत चिटपाखरू राहत नाही, सगळा गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत लक्ष्मी पुजायची, नैवेद्य दाखवायचा आणि दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. जेवणात मान भज्जीचा. तुरीचे नि हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाजी, आंबट ताकातलं बेसन. नैवेद्याआधी ती जिभेला लावायची नाही. मीठ किती पडलं, शिजलं किती, सगळं वासावर ओळखायचं. यात मुक्ताबाईंचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

पळी सासूच्या हातात, मिठाचा डबा सासूच्या हातात. सुनेनं शेजारी उभं राहून नुसतं “आला” म्हणायचं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तर सासूनं तिला चुलीपाशी फिरकूही दिलं नव्हतं. मग एकाएकी या बाईचं सुनेवाचून पान हलेना. दूध तापवायचं की पातेलं हिच्या तोंडापुढं, नासलंय का बघ. फोडणी टाकली की हाक, लसूण करपला का बघ. कालची भाजी, डब्यातलं तूप, गॅसची शेगडी, सगळ्याला वनमाला. अंगणात कपडे वाळत घालत असली तरी हातातलं टाकून पळायचं. एवढं करून सासूचा विश्वास म्हणून नाही, पुन्हा पुन्हा तेच विचारणं. रोज परीक्षा द्यायची आणि निकाल कधीच लागायचा नाही, असं झालं होतं.

शेवटी ती नवऱ्याजवळ रडली. अमरसिंह माजलगावला साखर कारखान्यात कामाला होता. त्यानं तिकडं खोली बघितली. संक्रांत झाली की दोघांनी बिऱ्हाड हलवायचं ठरलं. आईला सांगायचं काम मात्र वनमालेनं आपणहून अंगावर घेतलं होतं. त्या बाईसमोर एकदा तरी मान वर करून बोलायचं होतं.

“बघ गं, खाली लागती का,” आंबिलीच्या मडक्याला फडकं बांधता बांधता मुक्ताबाई म्हणाल्या.

वनमालेनं पातेल्यावर वाकल्यासारखं केलं. न्हाई लागत, म्हणाली. चुलीची ऊब तिला सोडवत नव्हती. घरात दोघीच होत्या, पुरुष माणसं पहाटेच शेतात गेली होती. भज्जी आणखी थोडा वेळ जाळावर राहिली.

शेतात मुक्ताबाईंनीच नैवेद्याचं ताट भरलं. सासऱ्यांनी, राधाकिशनरावांनी, ज्वारीवर आंबील शिंपडली. पंगत बसली. वाढायला मुक्ताबाईंच्या थोरल्या जाऊबाई मंजुळाबाई उठल्या. त्यांनी पातेल्याचं झाकण काढलं आणि पदर नाकाला लावला.

“मुक्ते, करपलीय की समदी. लक्ष्मीलाबी हेच दावलं का?”

सणाच्या अन्नाला नाव ठेवत नाहीत. लोकांनी भज्जी ताटाच्या कडेला सारली आणि बाजरीचे उकडलेले उंडे आंबिलीत कुस्करून खाल्ले. दर वर्षी तिसऱ्यांदा मागून घेणारे राधाकिशनरावही पाणी पिऊन उठले. मुक्ताबाई कोपीच्या आडोशाला जाऊन बसल्या.

वनमालेला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मोडला एकदाचा तोरा. मग तिला सकाळचं आठवलं. आपलं नाक बंद होतं, आपण खोटं बोललो. पण सासू तर पातेल्यावर वाकून ढवळत होती. ताटही तिनंच भरलं. पंगतीला लांबून आला तो वास तिला जवळून कसा आला नाही?

ती कोपीमागं गेली. मुक्ताबाई एकट्याच पातेल्याचं बूड घासत होत्या. संक्रांतीचं आत्ताच बोलून टाकावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते निराळंच.

“आत्याबाई, मला सर्दी झालीय. मी सकाळी खोटं बोलले. पन तुमाला कावून न्हाई कळलं?”

मुक्ताबाईंचा हात थांबला. जवळपास कोणी नाही ना, हे त्यांनी मान वळवून बघितलं. राखेनं भरलेल्या मनगटानं डोळे पुसले. त्या बाईचं असं तोंड वनमालेनं कधी बघितलं नव्हतं.

“कुनाला बोलू नगंस,” त्या हळू म्हणाल्या. “करोना झालता ना, तवापासून मला कशाचाच वास येत न्हाई. जळल्याचा न्हाई, नासल्याचा न्हाई. येईल म्हनले डाक्टर, अजून आला न्हाई.”

वनमाला खाली बसली. माजलगावची खोली, संक्रांत, सगळं सांगायचं राहून गेलं. मुक्ताबाईंनी पातेलं बाजूला सारलं आणि तिचा हात धरला.

“वास आला का म्हनून इचारते, ती काय तुझी परीक्षा नसती, पोरी. मला ठावंच नसतंय.”