मिस म्हणजे आठवण

“मिस, हे बघा! मला सगळं वाचता आलं, कुणाला विचारलंसुद्धा नाही!”

मेइयिंगने मोबाइल ताओबाईंच्या नाकासमोर धरला. खालच्या मंडईत ती माशांचे गोळे विकायची. तिच्याआधी तिच्या हातांचा वास वर्गात पोचायचा. चीनमधल्या फुचिंगमध्ये ज्यांची मुलं परदेशी गेली, अशा आईबापांचा हा ताओबाईंचा इंग्रजीचा वर्ग.

निरोप एका ओळीचा होता, इंग्लंडहून तिच्या मुलीच्या घरमालकिणीने पाठवलेला. मेइयिंगने एकेका शब्दावर बोट ठेवलं. “यालिन. मिसिंग. रविवारपासून. फोन करा. म्हणजे रविवारपासून पोरीला आमची आठवण येतेय!”

“चला, मिसची मेहनत फळाला आली,” छत्र्या दुरुस्त करणारे क्वोकाका मागून म्हणाले. सगळे हसले.

ताओबाईंनी तारीख पाहिली. निरोप सोमवारचा होता. आज गुरुवार.

“तू फोन केलास?”

“मला कुठं बोलता येतंय? पण उत्तर धाडलं ना लगेच, ‘मी टू’. यालिनचा फोन तेवढा लागत नाहीये. कामात असेल.”

ताओबाईंनी तिची वही ओढली. उच्चार लक्षात राहावा म्हणून सगळेच इंग्रजी शब्द आपल्या चिनी लिपीत लिहून घेत. ‘मिस’साठी मेइयिंगने दोन अक्षरं लिहिली होती, मेइ आणि स्स. चिनीत त्यांचा अर्थ, मुलगी मेली. पहिल्या दिवशी यावर वर्ग पोट धरधरून हसला होता, ताओबाईसुद्धा. त्या अक्षरांपुढे वहीत इंग्रजी शब्दाचा अर्थ एकच, आठवण येणे. बाकीचे या लोकांना झेपणार नाहीत, असं बाईंनीच परस्पर ठरवलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

“मेइयिंग, जरा बस. या शब्दाचे आणखी अर्थ आहेत.”

“कुठले?”

“लग्न न झालेल्या बाईच्या नावाआधी लावतात. गाडी चुकली, तरी मिसच म्हणतात. आणि...” बाईंनी वही मिटली. “माणूस सापडत नसला, की तेव्हाही.”

बाईंनी घरमालकिणीचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजू लागली.

मेइयिंगने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“चार अर्थ झाले ना, मिस?” ती हळूच म्हणाली. “मग यातला दुसरा कुठलातरी घ्या की.”