किडनीभोवतीची रेघ

रीताला किडनी द्यायला भाऊ चैतराम आपण होऊन पुढे आला. स्कॅन चांगला निघाला, पण डॉक्टर सहज बोलून गेले, "किडनीभोवतीची रेघ आम्ही हातानं आखतो. हात बदलला की किडनीच्या मापाचा आकडा थोडा बदलतो." तेव्हापासून चैतराम तोच स्कॅन घेऊन अख्खं नागपूर पालथं घालत होता. बहिणीची केवढी ही काळजी, म्हणून रीताला भरून येई.

तिसऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर रेघ आखली. रीता खुर्चीत पुढे सरकली.

"तिघांचेही आकडे जुळले. एक किडनी बिनधास्त द्या."

चैतरामला दरदरून घाम फुटला. "साहेब, चौथा डॉक्टर कुठी भेटन?"

रीता त्याच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "चाल दादा, घरी जाऊ. डायलिसिस होऊन राहिलं ना माजं गोंदियाले."