गच्चीवरची लाल चादर

निवृत्त शिक्षक असलेले आजोबा नातीला संगणकावर उपग्रहानं टिपलेल्या जगावेगळ्या इमारती दाखवत होते. माशासारखं कार्यालय झालं, बुटासारखी शाळा झाली. "आता आपलं घर!" नात म्हणाली. पडद्यावर बिनकठड्याची गच्ची आली, कडेला लाल ठिपका. "हे काय गं?" आजोबांनी विचारलं. तिनं टाळ्या पिटल्या. "मीच! आजीची हरवलेली चादर धरून! उपग्रह फोटो काढतो, तुम्हीच शिकवलंत ना? म्हणून मी नि धाकटा भाऊ पाळीपाळीनं उभं राहतो, टाकीची सावली नसते तिथं." आजोबा ताडकन उठले. "धाकटा कुठाय?" "वर. आज त्याची पाळी." गच्चीच्या किल्लीचा खिळा रिकामा होता. आजोबा अनवाणी जिना चढले. दारातून दिसली डोक्यावरून घेतलेली चादर आणि कडेकडे मागं सरकणारी इवली पावलं. ओरडलं तर पोर दचकेल. हाक गिळून ते वर्गातल्यासारखं हळूच म्हणाले, "फोटो निघाला राजा, बघायला ये." पावलं थांबली.